पंच नंबर दोन

माझी सही देखणी आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण आता सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, त्याखाली दोन टिंबं, आणि ती टिंबं वाळायच्या आत पुढचा कागद समोर. आमच्या शाळेचा कारकून म्हणायचा, "बाईंची सही म्हंजी मशीनच हाय." मला ते कौतुक वाटायचं.

ही सवय घरातली. वडील गावच्या सेवा सोसायटीचे सचिव होते. सोसायटीची सभा आधी कागदावर व्हायची आणि मग वडील ती पिशवीत घालून घरोघर फिरवायचे. ठरावबुक उघडायचं, बोटाने जागा दाखवायची. माणूस म्हशीखालून उठायचा, हात धोतराला पुसायचा आणि सही ठोकायचा. वर लिहिलेलं असायचं, 'सर्वानुमते मंजूर'. सुटीच्या दिवशी मी वडिलांबरोबर शाईची दौत सांभाळत फिरायचे. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय लिवलंय, जरा वाचा की." वडिलांचा चेहरा उतरला. "कावून? माझ्यावर इश्वास न्हाई का?" म्हातारा बिचारा ओशाळला आणि त्याने दोनदा सही केली.

वडील सरळ माणूस होते. त्या ठरावांत काळंबेरं काही नसायचं. पण न वाचता सही करतो तो मोठ्या मनाचा आणि वाचून करतो तो संशयी, हे माझ्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं.

पुढे मी मराठीची शिक्षिका झाले आणि मग त्याच भागातल्या एका हायस्कूलची मुख्याध्यापिका. आमचं गाव बालाघाटाच्या कडेला, धारूरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. शाळा एका संस्थेची होती आणि संस्थेचे चेअरमन तेच सोसायटीचेही चेअरमन. आमच्याकडे दूध, चारा, शाळा आणि मयत या चारही ठिकाणी पुढची खुर्ची एकाच माणसाची असते. मी त्यांच्याच भावकीतली होते, हे इथे सांगायलाच हवं. माझ्या सहीला वजन होतं ते काही नुसतं पदवीचं नव्हतं.

सह्यांना तर तोटाच नव्हता. पोषण आहाराची खिचडी मी स्वतः चाखली असून ती रुचकर आहे, अशी रोज सही करायची असते. मी ती सोमवारीच शनिवारपर्यंतची उरकून टाकायचे. वर्तणुकीचे दाखले गठ्ठ्याने यायचे. सगळ्यांची वर्तणूक चांगली. त्यातल्या एकाने माझ्या स्कूटीची हवा सोडलेली होती, त्याचीही.

मी सांगते आहे ते वर्ष दुष्काळाचं. आमच्याकडे दुष्काळ असं म्हणून भागत नाही, कोणता ते सांगावं लागतं. हा तो, ज्यात सोसायटीने गायरानावर चारा छावणी काढली होती आणि अर्धं गाव जनावरांसोबत तिकडेच राहायला गेलं होतं. आम्ही पोरांची सहल कपिलधारला नेली तर धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ. पोरांनी त्या कातळालाच हात लावून पाहिला. शाळेच्या हौदात दिवसाआड टँकर रिकामा व्हायचा आणि त्या वेळी हौदापाशी मी स्वतः उभी असायचे. टँकरवाल्याच्या वहीत खेपेची वेळ लिहून खाली सही करावी लागे. ती सही मात्र मी वाचून करायचे, कारण पाण्याची खेप कागदावर यायची आणि वाटेत कुठेतरी जिरायची.

त्या दिवसांत गावात सगळ्यात जास्त मागणी कोणाला असेल तर मोटार मिस्त्रीला. स्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं, दुकानामागे घर आणि घरामागे उघड्यावर भंगाराचा ढीग. त्याचे आजोबा निजामाच्या काळात इथे लोहारकीला आले म्हणे. बोलायला गोड आणि कामाला त्याहून गोड. शाळेची मोटार बंद पडली की सायकलवर हजर व्हायचा, कान लावून ऐकायचा आणि सांगायचा, "बाई, मोटार जळली न्हाई. कोरडीच पळत होती बिचारी, तिचा घसा सुकलाय." शाळेच्या कामाचं त्याने कधी काही घेतलं नाही. म्हणायचा, "पोरगी शिकती ना माझी तुमच्याकडं."

ती पोरगी आठवीत होती आणि माझ्याच वर्गात. दोन वेण्या, तिरकस नजर आणि वाचनाचा भयंकर नाद. बापाला मोटारीबरोबर आलेले कागद हीच वाचून दाखवायची. एकदा मी फळ्यावर घाईत एक शब्द चुकीचा लिहिला, तर सगळ्यांसमोर उठून म्हणाली, "बाई, तुमी लिवलेलं तुमीच वाचून बगा." मला राग आला आणि अभिमानही वाटला. राग मी दाखवला, अभिमान दाखवला नाही.

आता गांजाचं सांगते. गावाच्या मागच्या टेकाडावर एक मठ आहे. दर सोमवारी संध्याकाळी तिथे भजन व्हायचं आणि भजनानंतर चिलीम फिरायची. त्यात माजी सरपंच असत, चेअरमनचे चुलते असत, आमच्याच शाळेचे निवृत्त ड्रॉइंग मास्तरही असत. त्याला गांजा म्हणायचं नाही, 'बाबाचा परसाद' म्हणायचं. पोलिसांची जीप खालच्या रस्त्याने जाताना हवालदार आतूनच हात जोडायचा. चिलमीला की देवाला, ते मला कधी कळलं नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि मलाही. मला त्यात गैर वाटत होतं असंही नाही. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं, इतकंच.

त्या उन्हाळ्यात नवे फौजदार आले. वरून त्यांना सांगणं होतं की गांजाच्या केसेस दाखवा. हे मला नंतर कळलं.

मार्च संपत आला होता. बाराच्या सुमाराला टँकर आला आणि नळी लावतो न लावतो तोच हवालदार शाळेत आला. हातात एक फाईल. "बाई, जरा पंच म्हणून चला. किरकोळ धाड हाय. घरात बायामाणसं हायत, म्हणून साहेब म्हणले बाईमाणूस पंच पायजे."

मी म्हटलं, "टँकर सोडून कशी येऊ? मी हलले की अर्धं पाणी छावणीला जाईल."

"मग राहू द्या. सही तेवढी द्या. बाकी आमी बगतो."

मला वाटलं, कुठल्यातरी वस्तीवर हातभट्टी असेल. त्याने कागद पुढे केले. वर छापील मथळा, खाली दोन रेघा, मधला भाग कोरा. शिवाय कागदाच्या चार छोट्या चिठ्ठ्या. "ह्या कशाला?" एवढं मी विचारलं, आणि हाच माझा सगळा चौकसपणा. "मुद्देमालावर डकवाया," तो म्हणाला. टँकरच्या बॉनेटवर फाईल ठेवून मी सगळीकडे सह्या केल्या. लांब शेपूट, दोन टिंबं. हवालदार म्हणाला, "बाई म्हंजी बाईच." टँकर रिकामा झाल्यावर मी टँकरवाल्याची वही मागितली, खेपेची वेळ नीट वाचली, आणि तिथेही सही केली.

संध्याकाळी कळलं, मिस्त्रीला नेलं. घरात गांजा सापडला.

माझा संताप झाला. मी मिस्त्रीला ओळखत होते. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. आणि माझ्या डोक्यात त्या सह्यांचा विचार आला नाही, अजिबात आला नाही. खोटं वाटेल, पण माझ्यासाठी त्या सह्या बॉनेटवरच संपल्या होत्या.

दोनच दिवसांनी ठाण्यात शांतता समितीची बैठक होती. प्रत्येक सणाआधी ही बैठक होते. तीच पंधरा माणसं, तीच लाल खुर्ची, तोच पेढा. आपण सगळे कसे गुण्यागोविंदाने राहतो यावर दर वेळी भाषण मीच करायचे. त्या दिवशी मी भाषण केलं नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, गांजाच धरायचा असेल तर सोमवारी संध्याकाळी मठात या. आणि येताना दोन जीपा आणा, एकीत सगळे मावायचे नाहीत."

चेअरमनच्या चुलत्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. कोणीतरी खोकलं. मला मनातून फार बरं वाटलं. मिस्त्रीच्या समाजातली दोन वयस्क माणसं कोपऱ्यात बसली होती, त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी आयुष्यभर जपून ठेवणार होते.

फौजदार चिडले नाहीत. हसून म्हणाले, "बाई, तुमचंच बोलणं तुमी खोडताय. धाड तुमच्यासमोरच तर पडली. पंच नंबर दोन तुमीच हायत."

मी खाली बसले. कोपऱ्यातल्या त्या दोघांची नजर आता जमिनीवर होती.

तिसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली. तास संपल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहिली. वकिलाकडून पंचनामा तिच्या कानावर गेला होता. घराच्या आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीतून, दोन्ही पंचांसमक्ष, असं त्यात लिहिलं होतं.

"बाई, त्या दिशी मी घरीच होते," ती म्हणाली. "पाण्याच्या पाळीला थांबलते. पोलिस घरात आलेच न्हाईत. मागं भंगारात गेले आन् पिशवी घिऊन आले. तुमी कवा आल्तात?"

मी हजेरीचा कॅटलॉग उघडला. त्या तारखेला तिच्या नावापुढे माझ्याच हाताने 'गै' लिहिलेलं होतं. पोरगी घरी होती आणि मी शाळेत होते, याचा पुरावा माझ्याच टेबलावर पडलेला.

"मी आले नव्हते," मी म्हटलं.

"मग सही?"

मराठीच्या बाईला शब्द सापडेना, यापरतं हसं ते काय. ती दप्तर उचलून गेली. त्यानंतर ती शाळेत यायची बंद झाली.

मिस्त्रीला जामीन मिळाला नाही. गांजाच्या कायद्यात, पिशवी भरलेली दाखवली की दार लवकर उघडत नाही. गावात मात्र सगळ्यांची तोंडं उघडली. चेअरमनने 'नशामुक्त गाव' अशी फेरी काढायची ठरवली आणि शाळेची पोरं मागितली. मिस्त्रीच्या घराजवळूनच फेरी न्यायची होती. तिकडे जिल्ह्याच्या गावाहून काही तरुण पुढारी आले, त्यांनी मिस्त्रीचा फोटो मागितला. त्यांना मोर्चा काढायचा होता. मिस्त्रीच्या बायकोने फोटो दिला नाही. म्हणाली, "भिंतीवर टांगायला मेला न्हाई तो." एका बाजूला तो गुन्हेगार म्हणून हवा होता, दुसऱ्या बाजूला बळी म्हणून. मिस्त्री म्हणून कोणालाच नको होता, आणि गावातल्या मोटारी तेवढ्या बंद पडत होत्या.

त्याचं कोणाशी वैर नव्हतं. हे मी पुष्कळदा मनात तपासून पाहिलं आहे. तो फक्त सोयीचा होता. मठातली पिशवी धरली असती तर पंच मिळाले नसते. मिस्त्रीच्या भंगारातली धरली तर पंच टँकरच्या बॉनेटवर मिळाला.

मी फेरीला पोरं दिली नाहीत. चेअरमन शाळेत आले, दार लोटून घेतलं, आणि फार आपुलकीने बोलले. "बाई, झालं ते झालं. कोर्टात पंचनामा वाचून दाखवतेल, तुमी हो म्हणायचं. साहेब आपल्यातले हायत. आपल्या माणसाला तोंडघशी पाडता व्हय?"

"आणि पोरगी माझ्या वर्गातली आहे."

"पोरी काय, लई येतेत शाळंत." मग थांबून म्हणाले, "छावणीला परवानगी, टँकरच्या खेपा, समदं सरकारी लोकांच्या हातात हाय. गावाचा विचार करा."

गावाचा विचार करा, हे वाक्य मी जन्मापासून ऐकते आहे. त्या गावात मिस्त्रीचं घर कधी मोजलं जायचं आणि कधी नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. दिसायला इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते. पण दिसल्यावर मी डोळे मिटले नाहीत, हेही मी सांगणारच.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या घरी गेले. माझ्या सहीवर पंचनाम्यात भरलेल्या त्या आतल्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवला. लोखंडी पेटी होती खरी. तिच्यावर पोरीची पुस्तकं होती. आईने कोरा चहा दिला. मी सरळ सांगितलं, "मी कोर्टात खरं सांगणार आहे. न पाहता सही केली, असं सांगणार आहे. पोरीला शाळेत पाठव."

आईने पोरीकडे पाहिलं. पोरगी बोलली. "येते. पर तुमी नाव घेतलं तर हजर म्हणणार न्हाई."

"का?"

"तुमी तशीबी लिवताच की."

आणि तिने तसंच केलं. जूनपासून ती नववीत आली, माझ्याच वर्गात. रोज मी हजेरी घ्यायचे. तिचं नाव यायचं. ती माझ्याकडे बघत बसायची, तोंड उघडायची नाही. मी मान वर करायचे, तिला डोळ्यांनी पाहायचे, आणि मग 'ह' लिहायचे. दुसऱ्या कोणा मुलीचं हे मी चालवून घेतलं नसतं. माझा राग गावात प्रसिद्ध आहे. पण खरं सांगते, त्या काळात दिवसभरात मी पूर्ण पाहून लिहिलेलं असं ते एकच अक्षर असायचं.

समन्स यायला हिवाळा उजाडला. पंच नंबर एक ठाण्यासमोरचा चहावाला होता. तो पोलिसांचा कायमचा पंच. त्याची साक्ष माझ्या आधी झाली आणि त्याने पंचनामा पाठ केलेल्या कवितेसारखा म्हणून दाखवला. मग माझा पुकारा झाला. मिस्त्री समोरच्या पिंजऱ्यात होता. दाढी वाढलेली. मला पाहून त्याने सवयीने हात कपाळाला लावला आणि मग मधेच खाली घेतला.

सरकारी वकिलांनी कागद दाखवला. "ही सही तुमचीच?"

"माझीच."

"पंचनामा तुमच्यासमोर झाला?"

"नाही. मी शाळेत होते. सही केली तेव्हा कागद कोरा होता. चिठ्ठ्याही कोऱ्या होत्या."

वकिलांनी चष्मा काढला. त्यांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. साक्षीदार उलटला की कोर्टात त्याला फितूर म्हणतात, हे मला माहीत होतं, तरी तो शब्द अंगावर आला. मी न्यायाधीशांना म्हटलं, "साहेब, मी फितूर झाले ती टँकरवर सही केली त्या दिवशी. आज मी परत येतेय."

"विचारलं तेवढंच बोला," न्यायाधीश म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

मग सरकारी वकिलांनीच माझी उलटतपासणी सुरू केली. तुम्ही गावातल्या दबावाखाली साक्ष फिरवताय, त्या समाजाच्या मतांसाठी करताय, तुम्हाला निवडणूक लढवायची आहे. ह्या सगळ्याला मी नाही म्हटलं. शेवटी मिस्त्रीच्या वकिलाने टँकरची वही काढली. मी ती आधीच त्याला मिळवून दिली होती. पंचनाम्यात वेळ बारा ते एक लिहिली होती. वहीत त्याच तारखेला, बारा वाजून वीस मिनिटांनी, शाळेच्या हौदात टँकर रिकामा. खाली सही. लांब शेपूट, दोन टिंबं. एकाच वेळी मी दोन ठिकाणी हजर होते, आणि दोन्हीकडे सही सारखीच देखणी.

न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग मला विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"मराठी, साहेब."

"म्हणजे मुलांना वाचायला शिकवता."

"हो."

"टँकरची वही वाचून सही केलीत?"

"हो साहेब. पाणी होतं ना."

त्यांनी वही मिटली. पाण्यासाठी वाचलं आणि माणसासाठी वाचलं नाही, हे मी माझ्याच तोंडाने भर कोर्टात सांगितलं होतं. इतर काही त्यांना सांगायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. तिचं नाव आलं. मी सवयीने मान वर केली.

"हजर, बाई," ती म्हणाली.

मी कॅटलॉग मिटून फळ्याकडे वळले, कारण डोळे भरून आले होते आणि वर्गासमोर रडायची माझी पद्धत नाही.

मिस्त्री सुटला. त्याच आठवड्यात संस्थेने मला नोटीस दिली. चौकशी समिती बसली. समितीचा अहवाल टाईप होऊनच आला होता, सह्या तेवढ्या बाकी होत्या. समितीत माझा एक जुना विद्यार्थी होता, आता दूध सोसायटीवर संचालक. तो म्हणाला, "आगुदर वाचू द्या की." वाचल्यावर त्याने सही केली नाही. मग दुसऱ्यानेही केली नाही. शेवटी मला समज देऊन सोडलं. ती समज मी वाचून घेतली, आणि त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या.

शनिवारचा शेवटचा तास मी त्यानंतर वेगळा ठेवला. पंचनामा कसा असतो, जबाब कसा लिहितात, ठरावात काय बघायचं. पोरं ते घरी घेऊन गेली. सोसायटीच्या वार्षिक सभेआधी ठरावबुक घरोघर गेलं तर म्हातारी माणसं नातवांना हाका मारू लागली. चेअरमन मला रस्त्यात भेटले. "बाई, तुमी गावातला इश्वास घालवला." मी म्हटलं, "घालवला नाही, वाचायला लावला." ठाण्यात आता पंच मिळत नाहीत अशी हवालदाराची तक्रार होती. येतात, पण कागद भरेपर्यंत बसून राहतात म्हणे. मठातली चिलीम अजून फिरते. सगळंच एका साक्षीने होत नाही, हे मला कळतं. पण पुढे पोलिसांना धाडीवर जाताना पंचाला खरोखरच न्यावं लागलं, आणि ती गोष्ट मी लहान मानत नाही.

मिस्त्रीचं दुकान मात्र चाललं नाही. लोक थांबून नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे आणि मोटार धारूरला घेऊन जायचे. निकालाचा कागद त्याने दुकानात चौकट करून लावला होता. कोणी वाचला नाही. नववीचा निकाल लागला, पोरगी पहिली आली, आणि त्याच दिवशी ती टी.सी. मागायला ऑफिसात आली. चकलांब्याला तिच्या मामांचं दुकान होतं, तिकडे सगळे चालले होते. दहावीच्या तोंडावर. बोर्डाच्या यादीत आमच्या शाळेचं नाव वर नेईल अशी ती एकच पोरगी होती माझ्याकडे.

कारकुनाने दाखला भरून आणला. मी पेन उघडलं आणि ती नुसती उभी राहिली. मी पेन ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागले. नाव. बापाचं नाव. धर्म, तोही रकाना. जन्मतारीख अक्षरी. प्रगती, उत्तम. वर्तणूक, चांगली. "चांगली नाही," मी म्हटलं, "फार चांगली लिही." कारकुनाने लिहिलं. शाळा सोडण्याचं कारण: पालकांच्या विनंतीवरून.

हेच आम्ही प्रत्येकाच्या दाखल्यावर लिहितो. मी तिथे थांबले.

"हे खरं आहे?" मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "न्हाई."

मी ते खोडलं. वर लिहिलं, वडिलांना खोट्या गुन्ह्यात तुरुंगवास झाल्याने. तिने टेबलावरून कागद फिरवून घेतला, वाचला आणि मान हलवली. "हे नगा लिवू, बाई. तिथं समदे इचारतील. तुरुंग म्हणलं की फुडचं कुणी वाचत न्हाई."

ह्या वयाच्या पोरीला हे कळावं, आणि ते माझ्यामुळे कळावं, याचं मला फार वाईट वाटलं. मी कारकुनाला नवा कोरा दाखला मागितला. तो कुरकुरला. सगळे रकाने या वेळी मी स्वतः भरले. शेवटचा रकाना आला तिथे लिहिलं: मुख्याध्यापिकेच्या चुकीमुळे.

"बाई, तपासणीला काय सांगू?" कारकून घाबरून म्हणाला.

"सांग, वाचा म्हणावं."

मी कागद तिच्याकडे फिरवला. तिने बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचला. मुळीच घाई केली नाही. शेवटच्या ओळीवर बोट थोडं थांबलं. मग तिने दाखला माझ्याकडे सरकवला, पेन उचलून माझ्या हातात दिलं, आणि म्हणाली, "आता करा."